वाघाच्या गावाला, थांबत थांबत

डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या धाराशिव जिल्ह्यात एक पाहुणा आला. येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात वन विभागाने लावलेल्या कॅमेऱ्यात एका वाघाची छबी टिपली गेली. कित्येक दशकांत या मुलखात वाघ कोणी पाहिला नव्हता. त्याच्या अंगावरच्या पट्ट्यांवरून तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्याचा असल्याची ओळख पटली. सुमारे साडेचारशे ते पाचशे किलोमीटरचा पल्ला शेतांतून, ओढ्यांतून आणि गावांच्या कडेकडेने पार करून तो जेमतेम २२ चौरस किलोमीटरच्या आमच्या या लहानशा जंगलात उतरला होता.

ही बातमी आमच्या घरात जेवढी वाचली गेली, तेवढी क्वचितच कुठे वाचली गेली असेल. यांची सारी नोकरी सामाजिक वनीकरणात गेली. दुष्काळी गावांच्या रस्त्याकडेला कडुनिंब आणि करंज लावावेत, रोपवाटिकेत पिशव्या भराव्यात, जगलेल्या रोपांची मोजणी करावी, असे ते आयुष्य. झाडे पुष्कळ लावली, पण घनदाट अरण्य मात्र कधी पाहिले नाही. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय दुबळे झाले. मधुमेह आधीपासून होताच. त्यानंतर यांचे जग अंगण, ओसरी आणि वर्तमानपत्र एवढ्यावर येऊन थांबले. डावा हात कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून हे तो उन्हाळ्यातसुद्धा शालीखाली ठेवत.

एके सकाळी वर्तमानपत्र खाली ठेवून हे म्हणाले, “अगं, तो इतक्या लांबून चालत आमच्याकडे आला. आपण गाडीत बसून त्याच्या मुलखात जाऊ शकणार नाही का?”

दोन वर्षांत यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट होती. मी मात्र त्या दिवशी उत्तर दिले नाही. ज्याची शुश्रूषा करावयाची, त्याला घराबाहेर नेण्याचे भय काय असते, हे शुश्रूषा करणाऱ्यालाच ठाऊक. घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते. बाहेर काय ठरलेले असणार?

निघण्यापूर्वी

आधी आम्ही आमच्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी रक्तदाब, साखर आणि हृदयाचा आलेख तपासला, पाणी व अन्न गिळताना ठसका लागतो का याची चौकशी केली आणि म्हणाले, “अवश्य जा. मात्र तरुण माणसे एका दिवसात जेवढे अंतर कापतात, त्याला तुम्ही तीन दिवस घ्या.” या एका वाक्याने आमच्या प्रवासाचा नकाशाच बदलला.

ठिकाण ठरले ते चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा. १९५५ साली घोषित झालेले हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. पुढे त्याला अंधारी अभयारण्य जोडले गेले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. धाराशिवहून लातूर, नांदेड, यवतमाळ, वणी आणि वरोरा असा साडेपाचशे ते सहाशे किलोमीटरचा रस्ता. चंद्रपूरचा उन्हाळा साऱ्या महाराष्ट्रात प्रखर म्हणून प्रसिद्ध आहे. त्यामुळे आम्ही फेब्रुवारी निवडला. ताडोबा मंगळवारी बंद असते, पावसाळ्यात गाभा क्षेत्र पर्यटकांसाठी मिटलेले असते, आणि नोंदणी करताना दिलेले ओळखपत्रच प्रवेशद्वारावर दाखवावे लागते. मुलाने हे सारे पाहून नोंदणी केली. मुक्काम मोहर्ली प्रवेशद्वाराजवळच्या एका तंबूंच्या वसतीत ठरवला. अरण्याच्या गाभ्यात मुक्काम करता येत नाही, तंबू असतात ते त्याच्या बाहेर. नोंदणीपूर्वी सूनबाईंनी दूरध्वनीवरून तीनच प्रश्न विचारले. शौचालय तंबूला लागून आहे का, ते पाश्चात्त्य पद्धतीचे आहे का, आणि पायऱ्या किती आहेत? आमच्या वयाच्या माणसांनी खोलीची सजावट नंतर पाहावी, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

औषधांचे दोन संच केले. एक माझ्या पिशवीत, दुसरा सूनबाईंच्या. सोबत औषधांच्या चिठ्ठ्या, साखर तपासण्याचे यंत्र आणि रक्तदाबाचे यंत्र घेतले. इन्सुलिनसाठी उष्णतारोधक पिशवी घेतली आणि ती सामानाच्या कप्प्यात न ठेवता पायाशी ठेवली. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत इन्सुलिन राहू देऊ नये, तसेच ते बर्फाला चिकटूनही ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. खाण्यासाठी ज्वारीच्या लाह्या, फुटाणे आणि भाकरी घेतली. शेजारणीने आणून दिलेला कुंथलगिरीचा पेढा मात्र मी कपाटात ठेवला. तो जाताना हळूच गाडीत आलाच, पण त्याचा उलगडा मला पुढे झाला.

पहिला दिवस : धाराशिव ते नांदेड

येडशीच्या घाटातून जाताना यांनी काच खाली घ्यायला लावली. रामलिंगाचे देऊळ दरीत आहे. पावसाळ्यात तिथला धबधबा पाहायला माणसांची रीघ लागते आणि जटायूची कथा तिथे आजही सांगितली जाते. त्या महिन्यांत माणसांच्या मनात मात्र वाघच होता. त्याला पकडण्यासाठी पथके आली होती, पण तो कोणाच्या हाती लागला नव्हता. “हरवला असेल बिचारा,” हे म्हणाले. “त्याला त्याच्या घरी पोहोचवायला हवे.”

मुरूड, लातूर, अहमदपूर, लोहा. दोन्ही अंगांना तुरीची काढणी झालेली शिवारे आणि ऊस वाहणाऱ्या गाड्या. दर दोन तासांनी गाडी थांबवून दहा मिनिटे चालायचे, असे ठरले होते. पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसल्याने पोटऱ्यांच्या शिरांत रक्त साकळू शकते, वृद्धांत हा धोका अधिक असतो. बसल्या जागीसुद्धा पावले वर-खाली करावीत, टाचा उचलाव्यात. मी घड्याळ पाहून “थांबायचे का?” असे विचारी आणि हे दर वेळी म्हणत, “कशाला? मी ठीक आहे.” आम्हीही मग पुढे जात राहिलो. हीच आमची चूक झाली.

नांदेडला गोदावरीकाठी मुक्काम केला. सायंकाळी सचखंड गुरुद्वाऱ्यात गेलो. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली इथेच देह ठेवला. लंगरमध्ये खाली बसणे यांना जमणार नव्हते. एका सेवेकऱ्याने काही न विचारता बाक आणून दिला आणि हातात पोळी ठेवली.

पैनगंगेच्या अलीकडे

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नित्याप्रमाणे यांना इन्सुलिन दिले. उपाहारगृहात न्याहारी दहा मिनिटांत येईल असे सांगितले गेले होते. ती यायला पाऊण तास लागला, आणि आली तेव्हा यांची भूक मेलेली. चार घास खाऊन हे उठले. निघायला उशीर झाला म्हणून मीही आग्रह केला नाही.

हदगाव मागे पडले. पैनगंगेचा पूल ओलांडला की मराठवाडा संपून विदर्भ सुरू होतो, हे मी यांना सांगत होते. उत्तर आले ते अडखळत, आणि असंबद्ध. वळून पाहिले तर यांच्या कपाळावर घामाचे थेंब आणि उजवा हात थरथरत होता. माझ्या मनात एकच विचार आला, दुसरा झटका! पायाखालची जमीन सरकणे म्हणजे काय, ते मी त्या क्षणी अनुभवले.

मुलाने गाडी कडेला घेतली. सूनबाईंनी मात्र डोके शांत ठेवले. त्यांनी यांना हसायला सांगितले. चेहरा नव्याने वाकडा झालेला नव्हता. उजवा हात उचलायला सांगितला, तो उचलला गेला. मग बोटाला सुई टोचून साखर पाहिली. ५८! मेंदूला साखर कमी पडली की बोलणे अडखळते, माणूस गोंधळतो आणि ते हुबेहूब झटक्यासारखे दिसू शकते. म्हणून मधुमेह्याच्या बाबतीत साखर तत्काळ तपासावी. हे शुद्धीवर होते, नीट गिळत होते. म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घोटाघोटाने दिली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, ८४. मग अर्धी भाकरी खायला घातली. माणूस गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नये, आणि चेहरा, हात किंवा वाचा यांत नवा बिघाड दिसला तर वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, हे आम्ही निघण्यापूर्वी सर्वांनी पाठ केले होते.

यांना तरतरी आल्यावर माझे लक्ष पाण्याच्या बाटलीकडे गेले. सकाळी भरलेली बाटली तशीच भरलेली होती.

“अहो, पाणी का प्यायला नाहीत?”

हे बराच वेळ बोलले नाहीत. मग खिडकीकडे पाहत म्हणाले, “पाणी प्यायलो की उतरावे लागते. उतरलो की पोराला धरून न्यावे लागते. रस्त्यावर, चार माणसांत.”

मला वाटले होते की यांना थांबायचा कंटाळा आहे. खरे कारण संकोच होते. दोन दिवस हा माणूस तहान मारून बसला होता आणि मी शेजारी बसून घड्याळ पाहत होते.

मुलाने त्यावर काही उपदेश केला नाही. त्याने गाडी सुरू केली. तासाभराने एका झाडाखाली थांबवली आणि म्हणाला, “बाबा, माझी कंबर धरली. मला दर तासाला उतरावेच लागणार. तुम्हीही या पाय मोकळे करायला.” त्यानंतर प्रत्येक थांबा त्याच्या कंबरेच्या नावावर झाला. संध्याकाळी यवतमाळ येईपर्यंत बाटली दोनदा रिकामी झाली होती. झाडाखालच्या त्या थांब्यावरच यांच्या खिशातून कुंथलगिरीच्या पेढ्याची पुडी निघाली. हे ओशाळून म्हणाले, “अगं, सकाळी खरे तर हाच औषध होता!” तीन दिवसांत मी प्रथमच खळखळून हसले.

आनंदवनातून मोहर्लीकडे

यवतमाळहून वणीकडे जाताना करंजीपाशी नागपूर-हैदराबाद महामार्ग लागतो. त्याने दक्षिणेला गेले की पांढरकवडा, आणि त्यापलीकडे टिपेश्वर. आमच्या पाहुण्याचे गाव ते. याच टिपेश्वरातील एक तरुण वाघ २०१९ मध्ये निघून, महिनोन्‌महिने भटकत, बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता. त्याच्या गळ्यात पट्टा असल्यामुळे त्याचा माग राहिला. दिवसा तो ओढ्याकाठी, झुडपांत विसावे आणि बहुधा रात्री चाले. हे मी यांना सांगितले तेव्हा हे म्हणाले, “म्हणजे तोही थांबत थांबतच गेला म्हणायचा.”

वरोऱ्याला आनंदवनात दोन तास काढले. बाबा आमटे आणि साधनाताईंनी १९४९ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी वसवलेले हे गाव. समाजाने टाकून दिलेल्या माणसांनी इथे शेती केली, विहिरी खणल्या, माग चालवले. मागावर बसलेल्या एका वृद्धाची बोटे झडलेली होती, पण सूत तुटत नव्हते. हे बराच वेळ तिथे उभे राहिले. बाहेर पडताना माझ्या लक्षात आले की डावा हात शालीबाहेर होता. मी ते बोलून दाखवले नाही.

तिसऱ्या प्रहरी मोहर्ली आली. इरई धरणाचे पाणी उन्हात लखलखत होते. तंबू जाड कापडाचा, खाली फरशीचा ओटा, आत पलंग आणि मागे न्हाणीघर. तरीही पहिल्या रात्री आम्ही काही नियम पाळले. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत मंद दिवा चालू ठेवला, वाटेतली सतरंजी गुंडाळून ठेवली, बूट झटकून मगच पाय घातले आणि अंधार पडल्यावर तंबूबाहेर एकट्याने जायचे नाही असे ठरवले. रात्री दूर कुठेतरी सांबराने आवाज दिला. हे जागेच होते. अंधारात म्हणाले, “ऐकलेस?” बऱ्याच दिवसांनी हे आधी बोलले होते.

अरण्यात

पहाटे उघड्या जिप्सीत वारा अंगाला झोंबतो. थंडीत रक्तदाब वाढतो, म्हणून यांना कानटोपी, दोन स्वेटर आणि गुडघ्यांवर घोंगडी. चढायची पायरी उंच असते, त्यासाठी घरून लहान स्टूल नेले होते. मागच्या आसनावर धक्के फार बसतात, म्हणून यांना मधल्या रांगेत बसवले. ज्यांच्या मणक्याची हाडे ठिसूळ आहेत किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी मात्र या कच्च्या रस्त्यांचा मोह टाळावा. गाभा क्षेत्रात भ्रमणध्वनी नेता येत नाही आणि ठरलेल्या जागेखेरीज खाली उतरता येत नाही. तेव्हा लघवीला जाऊन, न्याहारी करून आणि खिशात साखर ठेवूनच गाडीत बसावे.

आमची वाटाडी जवळच्याच गावातील तरुण मुलगी होती. रस्त्याच्या कडेला तिने जुने दगडी खांब दाखवले. गोंड राजांच्या काळी त्यांतून दोर ओवून, घंटा वाजवून निरोप पोहोचवीत, असे सांगतात. पुढे ताडोबाचा तलाव आला. वाघाशी झुंजताना मरण पावलेल्या तारू नावाच्या गावप्रमुखाचे ठाणे त्याच्या काठी आहे. त्याच्याच नावावरून ताडोबा. पाण्यात एक मगर ओंडक्यासारखी पडली होती.

वाघ दिसला नाही. धुळीत त्याची ताजी पावले तेवढी दिसली. जिप्सीतील इतर प्रवासी खट्टू झाले, पण हे मात्र भलतीकडेच पाहत होते. “तो बीजा. तो धावडा. हा ऐन, सालीवरून ओळखावा, मगरीच्या पाठीसारखी असते.” पांढऱ्याफटक खोडाचे एक झाड आले. वाटाडी विचारू लागली, “आजोबा, हे ओळखता का?” “कडई. रात्री पाहिली तर भूत वाटेल.” ती हसून म्हणाली, “आम्हीही तिला भुताचे झाडच म्हणतो.” पुढचा तासभर वाटाडीचे काम दोघांनी वाटून घेतले. बोलताना डावा हात वर उठला आणि झाडाच्या शेंड्याकडे रोखला गेला. पुरता सरळ नव्हता, पण कोणते झाड ते कळत होते.

परतताना यांनी मनातला प्रश्न विचारला. “इतके पाणी, इतके हरिण, इतकी सावली. मग आमच्याकडे आलेला वाघ असे जंगल सोडून का निघाला असेल?”

“आजोबा, तरुण नराला इथे जागा मिळत नाही,” ती म्हणाली. “आधीचे नर हाकलतात. त्याला स्वतःचे ठिकाण शोधावेच लागते. हरवत नाही तो. शोधत असतो.”

यावर हे काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशीच्या फेरीला हे आले नाहीत. पाय दुखत होता आणि या वेळी यांनी तो लपवला नाही. सूनबाई म्हणाल्या, “आई, आज मी बाबांपाशी थांबते. तुम्ही जा.” मी नको म्हणत होते. दोन वर्षांत यांना सोडून मी चार तास कुठे गेले नव्हते. तरी गेले. बांबूच्या बेटातून एक वाघीण निघाली, आमच्याकडे न पाहता रस्ता ओलांडून गेली. ती दिसली याचा आनंद झालाच, पण त्याहून अधिक आठवते ते हे की, त्या चार तासांत मी एकदाही घड्याळ पाहिले नाही. शुश्रूषा करणाऱ्यांनी आपली पाळी कोणाकडे तरी सोपवायला शिकले पाहिजे. तो स्वार्थ नव्हे. थकलेल्या हाताकडूनच औषधाची वेळ चुकते, हे मी पैनगंगेच्या काठी शिकले होते.

आमच्या अनुभवातून थोडे

• दिवसाला दोनशे किलोमीटरच्या आसपास थांबावे, अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे.
• जेवणाचे ताट समोर आल्यावरच इन्सुलिन घ्यावे. प्रवासात “दहा मिनिटांत येईल” यावर विसंबू नये.
• लघवी अधिक होणाऱ्या गोळ्या प्रवासासाठी आपल्या मनाने बंद करू नयेत. वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.
• पाणी प्यायले जाते की नाही, हे बाटली पाहून ठरवावे, उत्तर ऐकून नव्हे.
• “थांबायचे का?” असे वृद्धांना विचारू नये. “आपण थांबूया,” असे म्हणावे.

परतीची वाट

परत येतानाही तीन दिवस घेतले. शेवटच्या दिवशी लातूर सोडले तेव्हा दिवस कलला होता. घर जेमतेम तासाभरावर होते. त्यामुळे मुलाच्या कंबरेनेही आता विश्रांती मागितली नव्हती. येडशी जवळ आली तशी हे पुढे झुकून म्हणाले, “अरे, जरा गाडी थांबव. मला उतरायचे आहे.”

आम्ही सारे एकमेकांकडे पाहत राहिलो. मुलगा दार उघडायला धावला, तर यांनी त्याला हातानेच थांबवले. काठी टेकत हे स्वतः उतरले आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले. समोर रामलिंगाच्या डोंगरावर काळोख उतरत होता. त्या अंधारात तो कुठे होता, कोण जाणे.

थोड्या वेळाने हे गाडीपाशी आले आणि म्हणाले, “चला. पाण्याची बाटली दे गं इकडे.”